वाकळीतलं एक्केचाळिसावं घर

१

वाकळीतून एक घर चोरीला गेलं होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता हनीफ मिस्त्रीनं 'जुनं गाव' खोलीचं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, झाडू हातात घेतला. मग त्याची नजर भिंतीकडं गेली आणि झाडू जमिनीवर टेकला तो टेकलाच. भिंतीवर टांगलेल्या वाकळीत, वरच्या उजव्या बाजूला, पंजाएवढं भोक पडलं होतं. भोकातून आतलं पांढरं अस्तर दिसत होतं. परवापर्यंत तिथं पोपटी ठिगळ होतं, पिवळ्या बुट्ट्यांचं.

काजळगावची ही वाकळ म्हणजे काजळगावच होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं, तेव्हा वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहात होती. त्या हिवाळ्यात बायकांनी ही वाकळ शिवली. पडलेल्या प्रत्येक घराच्या ढिगाऱ्यातून जे कापड निघालं, त्याचं एक ठिगळ म्हणजे ते घर. जेवढ्या खणांचं घर तेवढी बोटं रुंद ठिगळ. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. जुन्या गावात घर मोजायचं ते खणांवर. ठिगळांच्या मधून पांढऱ्या पट्टीचा मोठा रस्ता, रस्त्याच्या दोन टोकांना दोन वेशी, आणि मध्ये कुठंतरी निळा वाटोळा तुकडा, तो गावचा आड. नवीन काजळगाव सरळ रेषांत बांधलं गेलं आणि वाकळ हनीफच्या आईच्या, सुलतानबीच्या पेटीत गेली. गेल्या वर्षी सुलतानबी वारली. जाताना तिनं पेटीची चावी लेकाच्या हातात दिली.

आता लातूरची एक मंडळी तालुक्यातल्या जुन्या घरांचं आणि गावं कशी वसली त्याचं पुस्तक करत होती. त्यांनी ग्रामपंचायतीला सांगून ही खोली मांडली, वाकळीवरच्या शहाऐंशी घरांना क्रमांक दिले, शेजारी एक पाटी लावली. सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं. गेलेलं घर होतं एक्केचाळीस नंबरचं.

"माझं घर!" दारातून आवाज आला. वैजनाथराव पाटील फिरायला निघाले होते, ते उंबऱ्यातच थांबले. "अरे, माझंच घर कापून नेलं की! उत्तर वेशीपासून दुसरं, पूर्वेच्या अंगाला. गावातलं पहिल्या मानाचं घर ते!"

"पाटील, मी आत्ताच कुलूप काढलो..."

"तेच म्हणून राहिलो मी. कुलूप तुझं, चावी तुझी. दुसरी चावी हाय का?"

"न्हाई."

"मग?"

हनीफनं झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. दहा वाजेपर्यंत सरपंच मंजुश्रीताईंनी निरोप धाडला. चार वाजता ग्रामसभा. हनीफ मिस्त्रीनं खोलीची चावी घेऊन यावं.

२

दर शनिवारी सकाळच्या शाळेत गुरुपादप्पा यायचे. भूमापन खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं मोजणी केली होती. निवृत्त झाल्यावर ते औशाहून बसनं येत आणि पोरांना पटांगण मोजायला लावत. सोबत जुनी लोखंडी साखळी असायची, म्हणून पोरं त्यांना साखळीअप्पा म्हणत. पोरानं चुकीचं माप सांगितलं तर अप्पा 'चूक' असं कधी म्हणत नसत. 'पुन्हा एकदा मोजू या का?' एवढंच म्हणत.

शाळा सुटल्यावर ते खोलीत आले. हनीफ बाकावर बसून होता.

"मिस्त्री, काय गेलं ते कळलं मला. कसं गेलं ते बघू या का?"

अप्पांनी चष्मा पुसला आणि भोकाजवळ नाक नेलं. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "इकडं या. हे कापलंय की उसवलंय?"

हनीफनं पाहिलं. कात्रीची कड कुठंच नव्हती. एकेक टाका सोडवला होता. आणि भोकाच्या चारी बाजूंनी नवा दोरा दिसत होता, बारीक, दुहेरी, सारख्या अंतराचा.

"हे काय?"

"बाकीची वाकळ उसवू नये म्हणून कड शिवलीय. घर नेलं, पण शेजाऱ्यांच्या भिंती सांभाळून नेलं. किती वेळ लागला असेल?"

"तासभर. जास्तीच."

"तुम्हाला येतं असं शिवायला?"

"मला सुई म्हणलं की दाभण आठवतो, अप्पा."

"पाटलांना?"

हनीफला त्याही स्थितीत हसू आलं. पाटलांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर सदरा लातूरला जातो, हे गावाला ठाऊक होतं.

"म्हणजे तासभर इथं कुणीतरी निवांत बसलं होतं," अप्पा म्हणाले. "गुरुवारी वाकळ धड होती?"

"गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः झटकलो."

"शुक्रवारी?"

हनीफनं मान खाली घातली. शुक्रवारी तो जुम्म्याच्या नमाजला किल्लारीला जायचा. साडेबाराला निघायचा, अडीच-तीनला परत. आल्यावर खोली न उघडताच घरी जायचा.

"चावी सोबत नेता?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल लावली. हनीफनं ती लावून होईपर्यंत वाट पाहिली.

"ग्रामपंचायतीला मी लिहून दिलोय की चावी कमरेला असते म्हणून," तो हळू म्हणाला. "पण अप्पा, खरं सांगतो. नमाजला जाताना मी चावी दाराशेजारच्या भिंतीतल्या देवळीत ठेवतो, येताना उचलतो. जुन्या गावात सगळेच ठेवायचे. हाताला सवय हाय."

"हे कुणाला माहीत आहे?"

"जुन्या गावात राहिलेल्या कुणालाबी."

"चारला सभेत हे सांगणार?"

"सांगावं लागंल. पण ऐकून लोक काय म्हणतील? आधी खोटं लिहून दिला, आता चोरी झाल्यावर देवळी आठवली."

अप्पांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते.

३

मोटारसायकल सुदर्शनची होती. हा लातूरचा तरुण वास्तुविशारद. वाकळीला क्रमांक त्यानंच दिले होते, पाटीही त्यानंच लिहिली होती. बातमी ऐकून तो हातातलं काम टाकून आला होता.

"मी मागच्या महिन्यातच म्हणालो होतो," तो आल्या आल्या हनीफला म्हणाला. "वाकळ लातूरला द्या, काचेत ठेवतो. तुम्ही ऐकलं नाही, चाचा."

"अम्मी गावात ठेव म्हणली होती."

"आता ते ठिगळ गावातच राहिलं का?"

अप्पांनी दोघांच्या मध्ये बाक सरकवला. "बसा. सुदर्शन, काल दुपारी कुठं होतात?"

"लातूरला, गंजगोलाईत. माझ्यावर संशय आहे का?"

"सगळ्यांना विचारतोय. ठिगळाचा फोटो आहे?"

सुदर्शननं फोन पुढं केला. अप्पांनी फोटो मोठा केला. पोपटी कापड, पिवळ्या बुट्ट्या, आणि एका कडेला बारीक चुण्या.

"या चुण्या कशाच्या?"

"लक्षात नाही आलं. रुंदी घेतली होती. सहा बोटं. म्हणजे सहा खणांचं घर, मोठंच. पाटलांनी ते त्यांचं म्हणून सांगितलं. मी तसं पुस्तकात लिहिलं."

"पाटलांनी कशावरून ओळखलं?"

"पाटीवरून. उत्तर वेस, पूर्व बाजू, दुसरं घर."

अप्पा पाटीकडं वळले. पाटीवर वाकळीचं छोटं चित्र होतं, प्रत्येक घराचा आकडा होता आणि वर टोक असलेला एक बाण. बाणाजवळ लिहिलं होतं, 'उत्तर'.

"बाण तुम्ही काढलात?"

"हो. नकाशात उत्तर वरच असते ना."

"शाळेत तसंच शिकवतात," अप्पा म्हणाले. "मीही तसंच शिकवतो. जुन्या गावात जाऊन ताडून पाहिलं होतं?"

"तिथं वेडी बाभूळ माजलीय. पुढच्या टप्प्यात करणार होतो."

अप्पांनी मान हलवली. हनीफला वाटलं, आता ते म्हणतील, पुन्हा एकदा मोजू या का. पण तसं झालं नाही. वाकळीच्या वरच्या कडेला शिवलेल्या लाल पट्टीकडं ते नुसते पाहात राहिले.

४

वैजनाथरावांनी अप्पांना आणि हनीफला ओसरीवर बसवलं, पण चहा एकाच कपाचा आला. तो अप्पांसाठी होता. अप्पांनी कप हनीफपुढं सरकवला आणि स्वतःसाठी पाणी मागितलं. मग आतून दुसरा कप आला.

"अप्पा, माझं कुणाशी वैर न्हाई," पाटील म्हणाले. "पण विचार करा. ह्याचे आजोबा सुतार. उत्तर वेशीजवळची घरं त्यांनीच बांधली असं ह्याची आई जन्मभर सांगायची. आता पुस्तकात माझं नाव येणार म्हणल्यावर पोटात दुखलं असंल."

"बांधली असं म्हणायची, पाटील," हनीफ म्हणाला. "आमची होती असं न्हाई."

"तुम्ही त्या घरात किती वर्षं राहिलात?" अप्पांनी विचारलं.

पाटलांनी कपाचा कान फिरवला. "राहिलो म्हणजे... वडलांची लातूरला डाळमिल होती. आमची शाळा तिकडंच. सुट्टीत यायचो. पण वडील सांगायचे ना! सहा खणांचं घर, वेशीतून आत आलं की दुसरंच. पुण्यात शिकून राहिला ना माझा नातू, त्याला मी हेच सांगितलोय. त्याच्या हातात पुस्तक द्यायचंय मला. आता काय देऊ? भोक?"

शेवटचा शब्द म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. हनीफनं तो ओळखला. सकाळपासून त्याचा स्वतःचा आवाजही तसाच निघत होता.

"वाकळीत कधी नीट पाहिलंत?" अप्पा म्हणाले. "हे आपलं, ते अमक्याचं, असं?"

"पाटीवर बघितलो. कापडाकडं कशाला बघू? ती सगळी गेलेल्यांची धुडकी."

बाहेर पडल्यावर अप्पांनी तोच प्रश्न हनीफला विचारला. हनीफ पावलं मोजत चालत होता.

"न्हाई बघितलो," तो म्हणाला. "वर्ष झालं रोज झटकतो. पण आपलं घर कुठलं ते शोधायची हिंमत झाली न्हाई. कुणाचीच झाली नसंल."

"म्हणजे नकाशा सगळ्या गावासमोर टांगलाय," अप्पा म्हणाले, "आणि तो वाचलाय फक्त चोरानं."

५

गावात इतका सारखा टाका घालणाऱ्या बायका तीनच उरल्या होत्या. एक लेकाकडं पुण्याला होती, दुसरीच्या हाताला प्लास्टर होतं. तिसरी सिंधुअक्का.

सिंधुअक्काच्या अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. तिची लेक शिवांगी बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि आता कुठं मुलगी झाली होती. उद्या बारावा दिवस, बारसं.

"या, हनीफभाऊ. अप्पा, बसा." अक्कानं घडी केलेली वाकळ ओसरीवर अंथरली. हनीफ बसायला गेला तशी तिनं ती ओढून उलटी फिरवली. "हां, आता बसा. लाल काठ उशाकडचा. त्यावर पाय नको."

"सगळ्या वाकळींना असतो?" अप्पांनी विचारलं.

"आमच्या हातच्या सगळ्या. न्हाईतर पायाकडची बाजू तोंडावर येती. सुलतानबीनं घालून दिलेली पद्धत हाय ती."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. शिवांगी काहीतरी गुणगुणू लागली. अक्काच्या मांडीवर एक दुपटं होतं, मऊ जुन्या कापडाचं. तिनं ते घडी करून बाजूला ठेवलं, आणि त्यावर सूपही ठेवलं.

"अक्का, वाकळीतलं एक घर गेलं," अप्पा म्हणाले.

"कळलं."

"काल दुपारी कुठं होतात?"

"बाळंतीण घरात असल्यावर बाई कुठं जाती, अप्पा? शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पाव्हण्यांची यादी."

"चार वाजता सभा आहे. हनीफभाईंची चावी काढून घेणार. पाटील पोलिसांत देऊ म्हणतायत."

सिंधुअक्काचा हात सुपावर होता, तो तसाच राहिला.

"हनीफभाऊची?" तिनं विचारलं. "हनीफभाऊचा काय संबंध?"

"चावी त्यांची."

अक्का हनीफकडं न बघता म्हणाली, "ह्या माणसानं सबंध गावाच्या दारांना कड्या बसवल्या. चोरी करायची असती तर तेव्हाच न्हाई का केली?" मग थोडं थांबून, "किती वाजता म्हणलात सभा?"

"चार."

"उद्या बारशाला या दोघंबी," ती म्हणाली आणि उठली. ही जायची खूण होती.

रस्त्यावर आल्यावर अप्पा म्हणाले, "मिस्त्री, तुमची मोपेड आहे ना? साखळी घ्या. आता मोजायला जाऊ या."

६

जुनं काजळगाव दोन किलोमीटरवर. मोपेडचा रस्ता निम्म्यातच संपला. पुढं वेडी बाभूळ, आणि तिच्या मुळाशी पांढरी माती. शेत काळं असतं, गाव पांढरं. माणसं शेकडो वर्षं राहिली, चुली पेटवल्या, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, की माती अशी होते. अप्पांनी चिमूटभर हातात घेतली आणि झाडून टाकली.

उत्तर वेशीचे चार दगड अजून एकमेकांवर होते. अप्पांनी खिशातून होकायंत्र काढून खात्री केली.

"वाकळीवर वरच्या वेशीपासून आडापर्यंत उजव्या हाताला किती ठिगळं आहेत, ठाऊक आहे? मी सकाळी मोजली. सहा. भोक धरून. आता ही वेस उत्तरेची, म्हणजे पाटीप्रमाणं वरची. इथून पूर्वेच्या अंगानं आडापर्यंत जोती मोजू या."

काटे बाजूला करत हनीफ पुढं झाला. जोती दिसत होती, गुडघाभर उंच, दगडी. एक, दोन, तीन. सहावं झालं तरी आडाचा पत्ता नव्हता. आठवं, नववं. आड आला तेव्हा अकरा झाली होती.

"पाच घरं जास्ती?" हनीफ म्हणाला.

"पुन्हा एकदा मोजू या का?"

पुन्हा मोजली. अकराच. मग अप्पा आडापासून पुढं दक्षिण वेशीपर्यंत गेले आणि पश्चिमेच्या अंगानं मोजत परत आले. त्यांनी हनीफसमोर बोटं धरली. सहा.

हनीफ आडाच्या काठावर बसला. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो एकदम म्हणाला, "वाकळ उलटी टांगलीय."

"वाकळ बरोबर टांगलीय. बाण उलटा आहे. पण का? बायकांनी दक्षिण वर का घेतली असेल?"

अप्पांना उत्तर ठाऊक होतं हे हनीफला दिसत होतं. तरी ते वाट पाहात राहिले, शाळेत पोरांची पाहायचे तशी. हनीफला सिंधुअक्काची ओसरी आठवली. लाल काठ, त्यावर पाय नको.

"लाल पट्टी," तो म्हणाला. "उशाकडची बाजू. रस्ता दक्षिणोत्तर, म्हणजे वाकळबी तशीच लांब. आणि उत्तरेला डोकं करून कोण झोपतं? मढं ठेवतात तसं. बायांनी नकाशा न्हाई शिवला, अप्पा. त्यांनी गाव झोपवलं. उशी दक्षिणेला."

अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "शिकलेल्या माणसानं नकाशा पाहिला, पण ती वाकळ आहे हे विसरला. आता वर दक्षिण, म्हणजे उजव्या हाताला काय?"

"पश्चिम."

"मग एक्केचाळीस नंबर?"

दक्षिण वेशीपासून दुसरं, पश्चिमेच्या अंगाला. दोघं चालत गेले. सहा खणांचं जोतं होतं, उंबऱ्याचा दगड जागेवर होता. हनीफ त्या दगडासमोर उभा राहिला. ब्याण्णवच्या हिवाळ्यात तो याच उंबऱ्यातून सागवानी पाळणा घेऊन आत गेला होता. पाळण्याला चार राघू कोरले होते. घरात नऊ माणसं होती. भूकंपानंतर दोन उरली, नवरा-बायको; रानात राखणीला गेले होते म्हणून.

"अप्पा," तो म्हणाला, "फोटोत कडेला चुण्या होत्या ना? त्या झबल्याच्या गळ्याच्या."

"कुणाचं घर हे?"

हनीफनं उंबऱ्यावरचा पाला हातानं झाडला.

"सभेत हे नाव सांगितलं तर तुम्ही सुटता."

"उद्या तिच्याकडं बारसं हाय. मी न्हाई सांगणार. तुमीबी नका सांगू."

"मग तुमच्यावर येईल."

"येऊ द्या."

७

सभेला शंभरएक माणसं जमली. अप्पांनी मंजुश्रीताईंची परवानगी घेऊन वाकळ भिंतीवरून उतरवली आणि देवळासमोरच्या फरशीवर अंथरली. लाल पट्टी दक्षिणेला.

त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. जोती, आड, सहा आणि अकरा, उशी आणि पायथा. सुदर्शननं हातातली पाटी पाहिली, एकदा उलटी धरली, आणि कपाळाला हात लावला.

"आता जुन्या गावात राहिलेल्यांनी पुढं यावं," अप्पा म्हणाले. "आपापल्या घरापाशी उभं राहावं."

मग एक म्हातारा चप्पल काढून वाकळीच्या कडेनं चालू लागला. त्याच्या मागून दोघी बायका. मग लोक वाकले, बोटं ठेवू लागले. "हे आमच्या बापाचं धोतर." "हिचं पातळ ना हे?" वैजनाथराव ईशान्येच्या कोपऱ्याशी आले. उत्तर वेस, पूर्व अंग, दुसरं घर. तिथं दोन बोटांचं विटकरी ठिगळ होतं. पाटील ते पाहात फरशीवर खाली बसले.

"माझ्या आज्जीचं लुगडं," ते म्हणाले. "दोनच खण होते व्हय रं आमचे?"

कुणी हसलं नाही. पाटलांनी लुगड्यावर तळवा ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. पण सवय जात नाही. थोड्या वेळानं त्यांनीच मान वर केली. "मग गेलं ते कुणाचं? आणि नेलं कुणी?"

सगळ्यांनी हनीफकडं पाहिलं. हनीफनं खिशातून चावी काढली आणि सरपंचांसमोरच्या टेबलावर ठेवली.

"चावी मी देवळीत ठेवून जायचो," तो म्हणाला. "लिहून दिलो ते खोटं होतं. चूक माझी. पुढचं मला विचारू नका."

"अप्पा, तुमाला माहीत हाय!" पाटील म्हणाले.

"मोजणीचा एक रिवाज आहे, पाटील. मी हद्द दाखवतो. खूण मालकानं येऊन पटवायची."

"पटवायला आले की मी."

गर्दीच्या मागून सिंधुअक्का पुढं आली. कुशीत बाळ होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. दुपट्याच्या मधोमध पोपटी ठिगळ होतं, पिवळ्या बुट्ट्यांचं.

"घर माझं. मीच नेले," ती म्हणाली. "दुपारी हनीफभाऊचं नाव ऐकलं तेव्हाच बोलायला पायजे होतं मी. पण हातातलं दुपटं पुरं व्हायचं होतं. चार वाजेपर्यंत पुरं केले."

"अक्का, मागायचं ना!" मंजुश्रीताई म्हणाल्या.

"मागितलं असतं तर तुमी ठराव मांडला असता. पाटलांनी हरकत घेतली असती. लातूरची परवानगी आली असती दिवाळीला. बारसं उद्या हाय."

मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी कुजबुजलं, गेलेल्या लेकराचं कापड नव्या लेकराला कशाला? अक्कानं ते ऐकलं.

"नव्या बाळाला पहिलं कापड जुनं घालतात. का? कापड टिकलं तसं लेकरू टिकावं म्हणून. माझी थोरली अकरा महिन्यांची गेली. ह्या झबल्यावर घराच्या भिंती पडल्या, त्याचा टाका उसवला न्हाई. सुलतानबी मागायला आली तेव्हा माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून हे दिले. ह्याच्यापेक्षा टिकलेलं कापड कुणाच्या घरात असंल तर दावा. मी हे परत शिवून देते."

कुणी उठलं नाही. बाळानं जांभई दिली.

मंजुश्रीताईंनी टेबलावरची चावी उचलली आणि हनीफसमोर धरली. हनीफनं पाटलांकडं पाहिलं. पाटलांचा तळवा अजून लुगड्यावर होता. ते खाली बघूनच म्हणाले, "घे की. आता देवळीत ठेवू नको म्हणजे झालं."

सुदर्शननं पुस्तकाचा कागद काढला. पाटलांचं नाव खोडून त्यानं ते ईशान्येला दोन खणांपुढं लिहिलं. एक्केचाळीसपुढं त्यानं सिंधुअक्काचं नाव घातलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तिथं काय लिहावं ते त्याला सुचेना. त्यानं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी पेन घेऊन सरकारी अक्षरात एक शब्द लिहिला, 'स्थलांतरित'.

८

वाकळ पुन्हा भिंतीवर टांगली नाही. उत्तर वर करायची तर उशी खाली येत होती, आणि उशी खाली करून टांगायला हनीफ तयार नव्हता. त्यानं खोलीच्या मधोमध सागाची रुंद बाज बसवली, हातभर उंचीची. तिच्यावर वाकळ अंथरली, लाल पट्टी दक्षिणेला. लोक चारी बाजूंनी फिरून बघू लागले. भोक तसंच ठेवलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी अप्पा पाचवीच्या वर्गाला घेऊन आले. पोरांनी आड शोधला, वेशी शोधल्या, घरं मोजली. पंचाऐंशी भरली.

"पुन्हा एकदा मोजू या का?" अप्पा म्हणाले.

पुन्हा पंचाऐंशी. मग एका मुलीनं पांढऱ्या भोकावर बोट ठेवलं. "इथलं घर कुठं गेलं, चाचा?"

हनीफ खिडकीची कडी घासत होता. त्यानं मागं वळून पाहिलं.

"ते होय," तो म्हणाला. "ते आता रांगायला लागलंय."